अवसर फारसा नाही

पलटणीच्या कचेरीतून एक छापील कागद आला आहे. लढाईत पडलेल्या जवानांची पुस्तिका काढायची आहे म्हणे. नाव, वडिलांचं नाव, गाव, शिक्षण, आणि सगळ्यात खाली चार ओळींची मोकळी जागा: जीवन व कौटुंबिक पार्श्वभूमी. कागद येऊन पाच आठवडे झाले. त्या चार ओळी मी वीस वेळा लिहिल्या आणि वीस वेळा फाडल्या. बसलो की दोन मिनिटांत उठतो, बाहेर तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, जाऊन टेकतो न टेकतो तोच पुन्हा उठून गल्लीच्या टोकापर्यंत चालतो आणि परत येतो. माझी बायको नागलक्ष्मी म्हणते, “दोनशे वर्षांमागं मेलेल्या माणसांचे कागद भराभर उतरून काढतां, आणि आपल्या घरच्या पोरासाठीं चार ओळी होत नाहींत?”

तिचं बरोबर आहे. तंजावूरच्या राजवाड्यातल्या ग्रंथालयात मी नकलनवीस आहे. मोडीतले जुने कागद देवनागरीत उतरवणं हे माझं काम. आमच्या गल्लीत मराठी घरं चाळीस, पण देवनागरी वाचणारी माणसं चार, आणि त्यातल्या तिघांना आता नीट दिसत नाही. बाकीचे घरात मराठी बोलतात आणि चिठ्ठी लिहायची झाली तर तमिळ अक्षरांत लिहितात. त्यामुळे गल्लीत माझा रुबाब होता. महाराष्ट्रातून कोणाकडे पत्र आलं, लग्नपत्रिका आली, की ती माझ्याकडे यायची. मी चष्मा पुसून, घसा साफ करून, चार माणसं जमल्यावरच वाचायचो. माझा हा स्वभाव आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

शहाजी माझ्या थोरल्या बहिणीचा, गंगाबाईचा, एकुलता एक मुलगा. तिला मी अक्का म्हणतो. शहाजीचा जन्म त्रेचाळीस सालचा, पापनाशमच्या रेल्वे क्वार्टरमधला. त्याचे वडील राजगोपालराव तिथल्या स्टेशनात तिकीटबाबू होते. माणूस अबोल, पण गाड्यांचा विषय निघाला की थांबायचे नाहीत. मुलाला पाढ्यांच्या आधी त्यांनी वेळापत्रक शिकवलं. पाच वर्षांचा शहाजी पाहुण्यांपुढे उभा राहून पापनाशम ते मद्रास सगळी स्टेशनं वेळेसकट म्हणायचा, आणि हातावर खाऊचा मुरुक्कु पडल्याशिवाय जागचा हलायचा नाही.

राजगोपालराव त्रेपन्न साली तापानं गेले. दहा वर्षांचं पोर आणि एक पत्र्याची पेटी घेऊन अक्का माझ्या घरी आली. आम्हाला मूल नाही. दोन माणसांचं गप्प घर होतं, ते या पोरानं हलवून सोडलं. त्याला बसणं ठाऊकच नव्हतं. जेवतानासुद्धा एक गुडघा वर, केव्हा उठू असं झालेलं. शाळा सुटली की कोणाची तरी सायकल मागून घ्यायचा आणि वेण्णार नदीच्या काठानं, भाताच्या शेतांमधून, थेट तिरुवैयारूपर्यंत जाऊन यायचा. मी त्याला देवनागरी शिकवली ती धरून, म्हणजे खरोखरच धरून. माझ्या एका हातात पाटी आणि दुसऱ्या हातात त्याचा घोटा. चापट्या मारल्या, नको नको ते बोललो, पण शिकवली. पुढे शाळेच्या शेवटच्या परीक्षेत गणितानं त्याला दोनदा आपटलं. तिसऱ्यांदा बसायचं सोडून तो एकसष्ट साली तिरुच्चीला भरतीच्या मैदानावर गेला आणि संध्याकाळी येऊन म्हणाला, मला घेतलं.

मी आकाशपाताळ एक केलं. अक्का मात्र ना रडली ना रागावली. “एके जागीं बसवत नाही त्यास,” एवढंच म्हणाली. “तिथं तरी चालवतील.”

त्याच्या तुकडीत निम्मे जवान सातारा-कोल्हापूरकडचे होते. आमच्या घरातलं माणूस महाराष्ट्रातल्या माणसांत राहायला जाण्याची ही पहिलीच वेळ, आणि ते याच्या मराठीला हसले. हा ‘मज ठाऊक नाहीं’ म्हणायचा, ‘बहुत ऊन आहे’ म्हणायचा. त्यांनी याचं नाव बखर ठेवलं. बखर, चहा आण. बखर, बूट पुसलेस का. शहाजीला त्याची गंमत वाटायची. पत्रात त्यानं ते मोठ्या खुशीत लिहिलं होतं, आणि खाली लिहिलं होतं, ‘मामा, कांहीं शब्द आपले आणि यांचे सारखेच, परंतु अर्थ पार उलटे पडतात. रजेवर आलों म्हणजे सांगेन.’ मला संतापच आला. भाषा बिघडली ती त्यांची, आपण आणली तशी जपली, असं चार पानी उत्तर मी त्याला धाडलं. ते शब्द कोणते, हे विचारलं नाही. पुढे तो दोनदा रजेवर आला, आणि दोन्ही वेळा मीच बोलत राहिलो.

पासष्टच्या सप्टेंबरात लढाई पेटली. आमच्याकडे रेडिओ नव्हता. कॉफी क्लबाच्या दारात उभे राहून बातम्या ऐकायच्या आणि घरी येऊन अक्काला त्यातल्या निम्म्याच सांगायच्या, असा माझा क्रम होता. सतरा तारखेला, शुक्रवारी, इंग्रजी तार आली: शहाजी जखमी, पुण्याच्या लष्करी इस्पितळात हलवला आहे, पत्र मागाहून येत आहे. अक्का तिथल्या तिथे निघायला उठली. पत्र तरी येऊं दे, म्हणजे काय तें कळेल, असं म्हणून मी तिला थोपवलं. शनिवार-रविवार ती घरात चालत राहिली. स्वयंपाकघरातून पडवीत, पडवीतून दारात, पुन्हा आत. मध्येच थांबून मला विचारायची, “पोस्टमन रविवारीं येत नाहीं ना?”

सोमवारी दुपारी पत्र आलं. अक्षर शहाजीचं नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या एका जवानानं लिहिलं होतं, नाव ज्ञानू शेलार, साताऱ्याकडचा. अक्का दाराची चौकट धरून उभी होती. मी तिण्णैवर बसून मोठ्यानं वाचलं: ‘शहाजीच्या पोटास जखम आहे. शुद्धीवर आहे, बोलतो. आईची फार आठवण काढतो. डॉक्टरांना विचारले, तर अवसर फारसा नाही म्हणाले. तरी मातोश्रींना घेऊन यावे.’

तुम्ही महाराष्ट्रातले असाल तर हे वाचून गाडी गाठायला उठला असता. मी उठलो नाही. आमच्याकडे अवसर म्हणजे घाई. तमिळ शेजाऱ्यांचा अवसरम् आमच्या बोलण्यात केव्हा शिरला कोण जाणे. मी जन्मल्यापासून तो शब्द त्याच अर्थानं ऐकत आलो. अवसर करूं नको, पडशील. एवढा काय अवसर, जेवून जा. जुन्या कागदांतून हाच शब्द दुसऱ्या अर्थानं शंभरदा माझ्या हाताखालून गेला असणार, पण मी अक्षरं उतरवत होतो, वाचत कुठे होतो?

मी मान वर करून हसलो आणि अक्काला म्हटलं, “डॉक्टर म्हणतात, घाई कांहीं नाहीं. सावकाश या.” सावकाश हा शब्द पत्रात नव्हताच. तो मी माझ्या पदरचा घातला.

अक्कानं चौकट सोडली. पदरानं तोंड पुसलं, देवाचं नाव घेतलं. मग म्हणाली, “बरं झालं. तरी मी आज निघतें. सेतु, संध्याकाळच्या गाडीनं जाऊं.”

आता खरं ते लिहितो. गुरुवारी पुण्याचे एक प्राध्यापक ग्रंथालयात येणार होते. जुन्या मराठीचा अभ्यास करणारे गृहस्थ. त्यांना तंजावूरची बोली ऐकायची होती, वहीत टिपायची होती, आणि मी उतरवलेले कागद पाहायचे होते. महिनाभरापूर्वी त्यांचं पत्र आलं होतं, तेही माझ्या नावानं. बावीस वर्षांच्या नोकरीत मला नावानिशी पत्र लिहिणारा तो पहिला माणूस. त्या दिवसासाठी मी नवं धोतर घेऊन ठेवलं होतं.

“लीव मिळत नाहीं अक्का,” मी म्हटलं. “शुक्रवारीं निघूं. तूंच ऐकलंस ना, अवसर नाहीं म्हणून लिहिलंय.”

“मग मी एकटी जातें. मज गाडींत बसवून दे.”

“कुंभकोणमपलीकडे कधीं एकटी गेली नाहींस, पुण्याला जाशील? भाषा तरी येते का तिकडची?”

“मराठीच ना बोलतात तिथं?” अक्का म्हणाली. यावर मी रागावलो आणि आत निघून गेलो. रजा मी मागितलीच नव्हती.

मंगळवारी तिनं निवडलेले तांदूळ पुन्हा निवडले. बुधवारी उन्हातून चालत पुन्नैनल्लूरच्या मारिअम्मन देवीला जाऊन आली. दोन्ही संध्याकाळी मला म्हणाली, ते पत्र पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं, तसंच, तेवढंच हसून.

गुरुवारी प्राध्यापक आले. किडकिडीत अंगाचे, काखेत छत्री, बोलायला गोड. दोन तास मी त्यांच्यापुढे बोलत होतो आणि ते पेन्सिलीनं टिपत होते. एकदा थांबून म्हणाले, “सेतुमाधवराव, इतकी शुद्ध मराठी आता आमच्या पुण्यातही ऐकायला मिळत नाही.” मी फुगलो. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला शहाजी आठवला तो एवढ्यासाठीच, की बखर म्हणून हसणाऱ्यांना हे ऐकवायला हवं होतं.

मग ते जुने कागद बांधलेल्या एका रुमालाची गाठ ओढायला लागले. कागद जुने, फाटतील, म्हणून मी म्हटलं, “अवसर करूं नका, सावकाश पाहा.”

त्यांची पेन्सिल थांबली. “अवसर करू नका? म्हणजे काय?”

“म्हणजे घाई करूं नका.”

“वा,” ते हसले. “आमच्याकडे अगदी उलट. अवसर म्हणजे सवड, वेळ. अवसर नाही म्हणजे वेळ नाही.” आणि त्यांनी तो शब्द वहीत लिहून खाली रेघ मारली.

मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं. त्यांनी आनंदानं पुन्हा सांगितलं. मग मी काय केलं ते मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. वहाणा विसरलो. राजवाड्याच्या आवारात कोणीतरी हाक मारत होतं. रस्त्यावर तापलेल्या धुळीत पाय पोळत होते आणि मी मोजत होतो: सोमवार, मंगळवार, बुधवार, आज. घरात शिरताना मला धाप लागली होती. अक्काला म्हटलं, “आज निघूं. आत्तां.”

“लीव मिळाली?” तिनं विचारलं.

“मिळाली,” मी म्हटलं.

पेटी सोमवारपासून दाराशी भरून ठेवलेली होती.

त्या प्रवासात मी बसलो म्हणून आठवत नाही. शुक्रवारी सकाळी मद्रासला उतरलो; पुढची गाडी दुपारी होती. फलाटावर मी टोकापासून टोकापर्यंत किती खेपा घातल्या, देव जाणे. अक्का पेटीवर बसून होती. एकदा तिनं मला कॉफी आणून दिली आणि म्हणाली, “तूं कां एवढा हैराण? डॉक्टर म्हणतात ना, कांहीं नाहीं म्हणून.” मी कप तोंडाला लावला, म्हणजे उत्तर द्यायला नको. तेव्हा सकाळचे सात वाजले होते.

शनिवारी दुपारी आम्ही इस्पितळात पोचलो. शहाजी शुक्रवारी सकाळी सातच्या सुमारास गेला होता. आम्ही येऊ म्हणून त्यांनी त्याला ठेवलं होतं. अक्कानं त्याच्या कपाळावरून, गालांवरून हात फिरवला, पायांपाशी जाऊन तळवे चेपले. जन्मात एके ठिकाणी न बसलेलं पोर इतकं स्वस्थ पडलेलं मला बघवलं नाही. मी भिंतीकडे तोंड करून हमसाहमशी रडलो. अक्का रडत नव्हती. ती त्याचे पाय चेपत होती.

ज्ञानू शेलार कुबडी घेऊन आला. विशीतलाच मुलगा, एक पाय प्लास्टरमध्ये. तो अक्कापुढे उभा राहून घाईघाईनं बोलायला लागला. “लई वाट बघितली हो तुमची. आमी म्हनलं आनखी येक तार करतो, तर नगं म्हनला. पत्र सोमवारी घावंल, सांजच्याला गाडीत बसतील, मंगळवारी मद्रास, बुधवारी दुपारच्याला हितं. समद्या गाड्या तोंडपाठ त्याला. बुधवारी खाट दाराकडं फिरवाय लावली. बेस्तरवारी म्हनला, गाडी चुकली आसंल, आज येतील. दिवसभर दाराकडं डोळं.”

तो इतक्या भरभर बोलला की अक्काला त्यातलं निम्मंही कळलं नाही. तिनं माझ्याकडे वळून विचारलं, “काय म्हणतात ते?”

सगळ्या वॉर्डात तिला सांगू शकणारा मी एकटाच होतो. ‘सुखानं गेला’ म्हटलं असतं तर तिनं तेही मानलं असतं. शेलारला आमची बोली पुरती कळत नव्हती, अक्काला त्याची.  पण मी सांगितलं. सोमवार, मंगळवार, मद्रास, बुधवार, खाट, दार, गुरुवार. एक शब्द गाळला नाही आणि एक घातला नाही. अक्कानं ऐकून घेतलं आणि शेलारच्या कुबडीवरच्या हातावर आपला हात ठेवला.

संध्याकाळी सगळं झालं. सलामी दिली, बंदुका उडाल्या, मी अग्नी दिला. 

रविवारी परतीच्या गाडीत अक्का खिडकीशी बसली होती. मी उठायचो, दारापर्यंत जायचो, तोंडावर पाणी मारायचो, परत येऊन बसायचो, पुन्हा उठायचो. समोरच्या बाईनं पाय आखडून घेतले, इतक्यांदा मी गेलो. सांगू की नको. तिला ठाऊक नव्हतं, शेलारला ठाऊक नव्हतं. प्राध्यापकांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. मी गप्प राहिलो असतो तर हा शब्द माझ्याबरोबरच गेला असता. पण तो माझ्या छातीत मावेना. रायचूर गेल्यावर मी तिच्यासमोर बसलो आणि म्हटलं, “अक्का, त्या पत्रातला एक शब्द मीं चुकीचा वाचला.”

आणि सगळं सांगितलं. आपला अवसर कोणता, त्यांचा कोणता. बोलता बोलता मला हलकं वाटायला लागलं, हेही सांगून टाकतो. दोष त्या शब्दाचा होता. तमिळचा होता, तीनशे वर्षांचा होता, कावेरीच्या पाण्याचा होता. असा शब्द कोणालाही फसवील, असं मी तिला समजावत होतो, आणि ती मान हलवत होती.

“म्हणजे तुज ठाऊक नव्हतं,” ती म्हणाली.

“नव्हतं अक्का. तुझी शपथ.”

“बरं.”  मग म्हणाली, “पण मी निघतें म्हणत होतें ना? अवसर असो वा नसो, मी सोमवारींच निघतें म्हटलं. तूं म्हणालास, लीव मिळत नाहीं.”

मी पुन्हा उठायला लागलो.

“तूं मागितली होतीस?”

“नाहीं.”

“कां?”

“पुण्याचे एक प्राध्यापक येणार होते. माझे कागद पाहायला. माझं बोलणं ऐकायला.”

“आले ते?”

“आले.”

“काय म्हणाले तुज?”

ती हे टोचून विचारत नव्हती. लहानपणी मी शाळेतून आलो की विचारायची त्याच आवाजात विचारत होती, आणि म्हणूनच मला खोटं बोलता आलं नाही. “म्हणाले,” मी म्हटलं, “इतकी शुद्ध मराठी आतां पुण्यातही ऐकायला मिळत नाहीं.”

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मग ती खिडकीकडे वळली. बऱ्याच वेळानं तिनं प्यायला पाणी मागितलं, ते तमिळमध्ये. मला वाटलं, समोरच्या बाईला सांगते आहे, म्हणून मी हललो नाही. तिनं पुन्हा मागितलं, माझ्याकडे बघून, तमिळमध्येच.

याला आता अकरा महिने झाले. अक्का याच घरात असते. माझं पान ती वाढते, मला ताप आला की काढा देते, शनिवारी डोक्याला तेल लावते. नागलक्ष्मीशी, गल्लीतल्या बायकांशी, देवापुढे ती मराठीच बोलते. माझ्याशी तमिळ बोलते.